चाकं लावा

ट्रेलर ओढायचा असेल तर त्यात सामान भरायचं काम पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला देऊ नका. हा माझा पहिला सल्ला. बाकीचे पुढे येतीलच, पण एवढा पाळलात तर बाकीच्यांची गरज निम्मी होईल.

पत्रकं लिहिणारी ती मी. कॉलेज सुटल्यापासून रत्नागिरीत हेच करते. एखाद्या वाडीला पाणी येत नाही, कुणाची मासे विकायची जागा उठवली, कुठल्या सड्यावर न विचारता कुंपण पडलं, की मी एक पान लिहून काढते. वर ठसठशीत मथळा, खाली चार मुद्दे, शेवटी एक मागणी. मजकूर पानाबाहेर गेला तर लोक त्यात भजी बांधतात. पानात मावला तरी बांधतातच, पण आधी वाचतात.

जयगड आणि गणपतीपुळ्याच्या मधल्या एका गावात, सुरूच्या बनाला लागून, वाळूत आठ-दहा दुकानं होती. त्यातलं एक माझ्या आत्याचं. वडिलांची ही थोरली बहीण. नवरा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, गणपती आणि शिमग्याला येणार. बाकीचं वर्षभर आत्या आणि तिची शेगडी. घावणे, आंबोळ्या, कोकम सरबत, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. बारा वर्षं ती त्या एकाच जागी उभी होती. मग नोटीस आली: वाळूतली सगळी बांधकामं सोमवारच्या आत काढून घ्यावीत. नोटीस कुणी काढली ते सांगत बसत नाही, इथे तो विषय नाही. विषय माझ्या पत्रकाचा आहे.

मी ती नोटीस दहा वेळा वाचली आणि 'बांधकाम' या शब्दावर बोट ठेवलं. त्याच दिवशी पत्रक छापायला टाकलं. मथळा: चाकं लावा. मुद्दा क्रमांक तीन: जे हलतं ते बांधकाम नाही. या वाक्यावर मी फार खूश होते. तोवर आयुष्यात मी चाकांवरची एकच वस्तू हलवली होती, ती म्हणजे माझी स्कूटर.

बाकीच्या दुकानदारांनी पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि ओळखीतल्या पुढाऱ्याकडे गेले. शहाणी माणसं. आत्याने मात्र त्यावर विश्वास ठेवला. दोन दिवसांनी, बुधवारी, मी गेले तर तिच्या दुकानाच्या जागी नुसती वाळू. छपराचे पत्रे एकावर एक रचलेले, बांबू दोरीने बांधलेले, भांडी गोणपाटात. ती आपली मधोमध स्टुलावर बसून होती, रेल्वे स्टेशनावर बसावं तशी.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"तूच लिवलंस ना, चाकं लावा? मग आण चाकं."

मी म्हणाले, अगं, तो एक मुद्दा होता. ती म्हणाली, मुद्दा होता म्हणूनच छप्पर उतरवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं. वाळूतल्या जागेला सातबारा नसतो. जो उभा असेल त्याची जागा. सोमवारी तिथे ती उभी नसती तर मंगळवारी दुसरं कुणीतरी उभं राहिलं असतं आणि बारा वर्षं संपली असती. दुकान कुणी पाडलं नव्हतं. माझं पान वाचून तिने स्वतःच्या हाताने उतरवलं होतं.

आता चाकं आणायची कुठून? लगेच पंचवीस फोन केले. शेवटी दापोलीजवळच्या मुरुडला एकाकडे जुनं फिरतं घर आहे असं कळलं. पर्यटकांसाठी त्याने कधीतरी आणलं होतं: एका आसावरचं, दोन चाकांचं, फायबरचं, मागे दार आणि आत उभं राहता येईल एवढी उंची. पर्यटकांना घरात राहायचं होतं, पेटीत नाही. तेव्हापासून ते त्याच्या माडांच्या बागेत उभं होतं आणि कोंबड्या त्यात अंडी घालत होत्या. तो म्हणाला, घेऊन जा एकदाचं.

ओढायला गाडी हवी होती. वडिलांचे एक लहानपणापासूनचे मित्र आहेत, मी त्यांना काका म्हणते. आंब्याच्या हंगामात पेट्या वाहायच्या आणि एरवी चिरे, असं त्यांच्या पिकअपचं वर्ष जातं. हंगाम तोंडावर आला होता, तीन आठवड्यांवर. मी त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं बोलले. हक्क, रोजगार, किनारा, सगळं आलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "भाषण ऱ्हाऊ दे. त्याच्या टायरचा नंबर विचार."

इथून माझा जीव खालीवर व्हायला लागला. मला त्याच संध्याकाळी निघायचं होतं. काकांना काहीच त्या संध्याकाळी करायचं नव्हतं. गुरुवारी गॅरेजात गेलो. गॅरेजवाला म्हणाला, मागच्या बंपरला हूक वेल्ड करून देतो, अर्ध्या तासात मोकळे. मी मान डोलावली. काकांनी गाडी तशीच दुसऱ्या गॅरेजात नेली. बंपर म्हणजे दागिना आहे, त्याला घर लटकवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. हूक चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जाड पट्ट्या लावून, बोल्टांनी. त्यात दिवस गेला. मग ट्रेलरच्या पुढच्या, हुकाला जोडायच्या दांडीची उंची फोनवरून मोजून घेतली, कारण जोडल्यावर ट्रेलर सपाट दिसला पाहिजे. नाक वर नको, नाक मातीतही नको. त्या उंचीला हूक पुन्हा खाली घेतला. मी गॅरेजच्या दारात येरझाऱ्या घालत होते. मिस्त्री म्हणाला, "ताई, तुम्हाला चाकं लावू का?"

शुक्रवारी आरसे. ट्रेलर पिकअपपेक्षा रुंद, म्हणजे नेहमीच्या आरशात फक्त ट्रेलरच दिसणार आणि मागचा रस्ता नाही. काकांनी एका जुन्या टेम्पोचे लांब दांड्यांचे आरसे आणून बसवले. मग ट्रेलरच्या मागच्या दिव्यांसाठी वायर ओढली. मग दोन साखळ्या. हूक निसटलाच तर ट्रेलर साखळ्यांवर राहतो. पण त्या सरळ नाही लावायच्या, दांडीखाली फुली करून लावायच्या, म्हणजे नाक रस्त्यावर न आपटता त्या फुलीत पडतं. हे सांगताना काकांनी स्वतःच्या दोन मनगटांची फुली करून त्यावर हनुवटी टेकवून दाखवली. मी हसले. शुक्रवारची संध्याकाळ होती आणि आम्ही अजून रत्नागिरीतच होतो.

चाकाला लावायला मी दोन दगड उचलून आणले होते, अंगणातलेच. त्यांनी ते बघितले आणि एक दुसऱ्यावर आपटला. तांबडी भुकटी. "जांभा हाय हा. ह्याच्या भरवशावर घर उभं करतात, गाडी नाय," म्हणाले आणि फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी काढल्या, आधीच तासून ठेवलेल्या.

शनिवारी निघालो. केबिनमध्ये तिघं: काका, आत्या आणि खिडकीशी मी. मागे आत्याचा सगळा संसार. तो ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि आत्याला तो तिथेच ट्रेलरमध्ये मांडून घ्यायचा होता, म्हणजे गावात आल्याआल्या शेगडी पेटेल. शेगडी आणि सिलिंडर, पीठ दळायचा दगडी ग्राइंडर, काउंटरची काळी कडप्पा फरशी, तांदळाच्या गोणी, पाण्याची दोन पिंपं. दोन जुने पण धडके टायर आणि एक जादा. आणि माझे पत्रकांचे तीन गठ्ठे. वाटेत दोन खाड्या आणि किनाऱ्यावरची दहा गावं लागतात. येताना चाकांवरचं दुकान लोकांना दाखवत, पत्रकं वाटत यायचं असा माझा बेत होता. संधी कशाला सोडा.

मुरुडला पोचलो. काकांनी सगळ्यात आधी त्या गृहस्थाकडून कागद मागितले. ट्रेलरला स्वतःचा नंबर असतो, स्वतःची कागदपत्रं असतात, हे मला तिथे कळलं. चष्मा लावून त्यांनी ओळ न् ओळ वाचली. मग टायर. नक्षी नवीकोरी होती. मी म्हणाले, हे चालतील की. काकांनी बाजूच्या भिंतीवर नख दाबलं, तिथे बारीक बारीक भेगा उघडल्या. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, खाऱ्या हवेने आणि उन्हाने कुजतात. दोन्ही बदलले. चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरायला रविवारची सकाळ गेली.

ते खाली ग्रीस भरत होते तेव्हा वर आम्ही दोघी सामान लावत होतो, आणि चूक तिथे झाली.

आत्याने ट्रेलर आतून झाडला, कोंबड्यांची पिसं काढली, मधोमध उभी राहिली आणि विचारलं, "तोंड कुठलं ह्याचं?" मी म्हणाले, पिकअपकडची बाजू पुढची. तिला तेवढं पुरलं. आपल्याकडे घर कसं असतं? पुढे ओटी, मध्ये माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागीलदार. ओटी मोकळी, येणारा-जाणारा बसतो. चूल, पाणी, वाटण, धुणी-भांडी सगळं मागे. आत्याने तसंच मांडलं. पुढची बाजू स्वच्छ मोकळी, तिथे एक चटई. आणि शेगडी, सिलिंडर, ग्राइंडर, फरशी, तांदूळ सगळं मागे, दाराशी. मुरुडच्या विहिरीचं पाणी गोडं लागलं म्हणून दोन्ही पिंपं काठोकाठ भरली आणि तीही मागीलदारी. मला ते फार आवडलं. गिऱ्हाईक मागच्या दाराशी येणार, तिथेच काउंटर, तिथेच माझे गठ्ठे. दार उघडलं की हाताशी पत्रक. तिन्ही गठ्ठे मी अगदी दाराला चिकटून रचले.

खालून काकांनी विचारलं, "दांडीला वजन हाय ना गो?"

मला तो प्रश्न कळला नाही. आणि न कळलेल्या प्रश्नाला ठाम आवाजात 'हो' म्हणायची मला सवय आहे. सभांमध्ये ती उपयोगी पडते.

"हो काका, सगळं नीट भरलंय."

त्यांनी दांडी जोडली. सोपी गेली, म्हणाले, आणि क्षणभर थांबले. पण मी घड्याळाकडे बघत होते, आणि तसं बोलूनही दाखवत होते. खाडीवरची फेरीबोट चुकेल, एक चुकली की पुढच्या खाडीचीही, सोमवार उद्यावर आलाय. मोठ्या माणसाला घाई करायची ताकद आमच्यासारख्यांच्या आवाजात असते. ते चढून बसले.

सपाटीला सगळं छान चाललं होतं. वळणावर ट्रेलर आतल्या बाजूने कापतो म्हणून काका आधी बाहेर जाऊन मग वळत होते, एका दुकानाची पायरी वाचवत, एका मैलाच्या दगडाला वळसा घालत. मी म्हणत होते, जरा वेगात घ्या. दाभोळच्या उताराला लागलो तेव्हा त्यांनी जरा वेगात घेतलं.

आधी ट्रेलर माझ्या आरशात दिसला. मग दिसेनासा झाला. मग काकांच्या आरशात गेला. मग पुन्हा माझ्या, या वेळी जास्त. खालची सीट डावीउजवीकडे सरकायला लागली, नदीत होडी हलते तशी. मागून भांड्यांचा आवाज. आत्याने माझं मनगट धरलं. मी म्हणाले, ब्रेक मारा काका. त्यांनी ब्रेकला पायही लावला नाही. वेग देणारा पाय उचलला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, हलणाऱ्या गाडीला उलटं वळवायची जराही घाई नाही. ट्रेलर आणखी दोनदा फिरला, मग एकदा कमी, मग आणखी कमी, आणि गाडी हळू झाली तसा मुकाट्याने मागे येऊन सरळ झाला. तेव्हा कुठे त्यांनी अलगद ब्रेक दाबून गाडी कडेला, एका आंब्याखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

मागून एक मोटरसायकलवाला आला. ट्रेलरचं मागचं दार उघडलं होतं आणि एक गठ्ठा सुटून रस्ताभर झाला होता. त्याच्या हातात दहा-बारा पत्रकं. त्याने एक वाचलं, ट्रेलरकडे बघितलं आणि मला म्हणाला, "जे हलतं ते बांधकाम नाही. बरोबर आहे, पण हे जरा जास्तच हलतंय."

काकांनी चाकांना पाचरी लावल्या, दांडी हुकावरून सोडवली आणि एका हाताने वर उचलली. एका हाताने. मुलाला हात धरून उठवावं तशी ती उठली. उलट खाली दाबून धरावी लागत होती.

"उलाळ झालीय," ते म्हणाले. "सगळा भार शेपटाला."

हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. आत्याला माहीत होता. तिने कपाळावर हात मारला. काकांचे वडील चिऱ्यांची बैलगाडी हाकायचे. भार पुढे जास्त झाला तर बैलाच्या मानेवर येतो, मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू बैलाची मान वर उचलायला लागतं आणि उतारावर बैलाच्या हातात काही राहत नाही. पिकअपचंही तेच. ट्रेलरच्या वजनाचा थोडा भाग दांडीवर हवाच. जड सामान चाकाच्या जरासं पुढे, हलकं मागे. दांडी एकट्याने उचलताना दम लागला पाहिजे, पण पिकअपचा मागचा भाग बसता कामा नये. आणि डोलायला लागला की ब्रेक मारायचा नाही. मारला असता तर तो आपल्याला पुढे ढकलून स्वतः आडवा आला असता. हे सगळं त्यांनी मला रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते पाचरीकडे बघत सांगितलं आणि मग फक्त एवढंच म्हणाले: "मी इचारलं होतं तुला."

मी म्हणाले, मला प्रश्न कळला नव्हता. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असेन.

मग सगळं सामान रस्त्याच्या कडेला उतरवलं. काका म्हणाले, ग्राइंडर, फरशी, तांदूळ, सिलिंडर सगळं पुढे. तिथे आत्या अडली.

"ओटीवर चूल मांडू?" ती म्हणाली. "बाईमाणसाने पुढल्या दारी रांधायचं? लोक म्हणतील घर उलटं घातलंय."

"ताई, घर उभं असतं तवा तुजं खरं," काका म्हणाले. "चालायला लागलं की बैल ज्या बाजूला, भार त्या बाजूला."

ती त्या रिकाम्या ट्रेलरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, चला परत, पत्रे पुन्हा चढवते, सोमवारचं सोमवारी बघू. चार मुद्द्यांतला एकही तिथे कामाचा नव्हता. पण तिने पदर खोचला, ग्राइंडरचं एक टोक धरलं आणि मला म्हणाली, "धर गो. तोंडाने उचलला जायचा नाय तो."

ग्राइंडर पुढे गेला, फरशी आडवी टेकवून दोरीने बांधली, सिलिंडरचा कॉक बंद आहे ना ते दोनदा बघून तोही उभा बांधला. पाणी सगळ्यात जड, आणि वर ते डचमळतं. ते ओतून टाकायचं होतं. गोडं पाणी रस्त्यावर सांडायला आत्या तयार होईना. शेवटी तिने दोन्ही पिंपं तांब्याने थोडी थोडी त्या आंब्याच्या बुंध्याशी रिकामी केली. मी उभ्या उभ्या चडफडत होते. पहिली फेरी गेली होती. चटई, टोपल्या, रिकामी पिंपं मागे. चाकांचे नट काकांनी पुन्हा आवळले; नवीन चाक बसवल्यावर थोडं अंतर गेलं की ते हमखास ढिले होतात. दोन जरा फिरले. मग हाताची मागची बाजू चाकाच्या मध्यावर टेकवून गरम झालंय का ते बघितलं, आई तापल्या पोराचं कपाळ बघते तसं. उरलेले गठ्ठे त्यांनी माझ्या पायाशी, केबिनमध्ये टाकले. पुढचा सगळा प्रवास मी माझ्याच मजकुरावर पाय ठेवून, गुडघे हनुवटीला लावून केला.

आता दांडी उचलायला काकांना दोन्ही हात लागले. उतार तोच होता. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ताकदीवर, सावकाश. ट्रेलर गप्प.

धक्क्यावर सांगण्यात आलं, गाडी उलटी घ्या. फेरीत उलटी चढवली की पलीकडे सरळ उतरता येतं. उलटा ट्रेलर म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. काकांनी हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरला. तिथे धरलं की हात जिकडे, ट्रेलर तिकडे. फेरीतल्या यच्चयावत माणसांनी सूचना द्यायला सुरुवात केली, डावीकडं, उजवीकडं, येऊ द्या, थांबा. काकांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि मला म्हणाले की मागे जाऊन उभी राहा, एकटीच दाखव, आणि मला आरशात तुझं तोंड दिसेल अशी राहा. तुझं तोंड दिसेनासं झालं की मी थांबणार. तिसऱ्या खेपेला ट्रेलर बरोबर बसला. लोकांच्या इतक्या गर्दीत गप्प राहून नुसता हात हलवायचा, हे मी पहिल्यांदाच केलं.

गुहागर गेलं, हेदवी गेलं. एकाही गावात थांबलो नाही, एकही पत्रक वाटलं नाही. हेदवीला आत्याने देवळाच्या दिशेने बसल्या बसल्या हात जोडले तेवढंच. तवसाळला दुसरी फेरी सुटायच्या बेतात होती, मी खाली उतरून पळत जाऊन ती थोपवली. जयगडला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. सुरूच्या बनापाशी ट्रेलर लावला, चाकांना पाचरी, दांडीखाली आधार, आणि आत्याने, रविवारीच, ओटीवरची शेगडी पेटवून आम्हाला घावणे घातले.

सोमवारी सकाळी नोटीसवाले आले. दोघं, हातात कागद. बाकीच्या दुकानदारांचे पत्रे उतरायला लागले होते. पुढाऱ्याने शब्द दिला होता तेवढाच. आत्याकडे आल्यावर त्यातल्या एकाने ट्रेलरला वळसा घातला. चाकं बघितली, पाचरी बघितल्या, नंबर बघितला. काकांनी कागद दाखवले. मी मुद्दा क्रमांक तीन तोंडात तयार ठेवला होता, पण त्याची पाळीच आली नाही.

"हे बांधकाम नाही, मान्य," तो म्हणाला. "पण हलतं आहे ना? मग हलवा. दिवसभर उभं करा. दिवस मावळला की इथे काही दिसता कामा नये."

माझं डोकं फिरलं. म्हणजे रोज? बाईने रोज हे सगळं ओढत न्यायचं आणि सकाळी ओढत आणायचं? मी बोलायला सुरुवात केली, आवाज चढला, माणसं जमली. आत्याने तव्यावरून नजर न उचलता म्हटलं, "बरं." आणि तो गेला.

मी तिच्यावर ओरडले की बरं काय बरं. ती म्हणाली, "तूच लिवलंस ना? हलतं ते. आता हलवूया."

हे मी लिहिताना माझ्या डोक्यात नव्हतं. पत्रक लिहिणाऱ्याला वाटतं, चाक लावलं की लढाई जिंकली. चाक लावलं की ते रोज फिरवावं लागतं, हा पाचवा मुद्दा माझ्या पानात मावला नव्हता. मी काकांकडे बघितलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"तू लिवलंस, तू ओढ."

हंगामाआधीच्या त्या तीन आठवड्यांत दुकान रोज त्यांनीच ओढलं आणि मला सड्यावर नेऊन शिकवलं. कातळाचा मोकळा पसारा, धडकायला काही नाही. आधी सरळ, मग वळण, मग उलटं. उलट्यात ट्रेलर घडी घालून पिकअपला भिडायला लागला की हट्टाने मागे रेटायचं नाही, थांबून पुढे यायचं, सरळ व्हायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मी पहिले दोन दिवस हट्टाने रेटत होते. काकांनी पिकअपच्या मागच्या कोपऱ्यावरची चेप बोटाने दाखवली.

आता हंगाम सुरू आहे. पिकअप दिवसभर पेट्यांना लागते. संध्याकाळी काका वाट वाकडी करून येतात, मला अर्धा तास गाडी देतात, मी आत्याचं दुकान बनाच्या वरच्या वाडीत नेऊन लावते, आणि सकाळी उजाडताच उलट. आणखी दोघांनी चाकं लावली आहेत. त्यांनी विचारलं तेव्हा मी पत्रक दिलं नाही. त्यांना वाकायला लावून दांडी उचलून बघायला सांगितली. नोटिशीविरुद्धचं माझं भांडण चालूच आहे, अर्ज गेलेत, आणखी जातील. त्यात मी जराही नरमलेली नाही.

पण रोज सूर्य टेकायला लागला की माझ्या येरझाऱ्या सुरू होतात. काकांना उशीर होतो कधी कधी. पेट्या जास्त निघतात, टायर बसतो. आत्या शेगडी विझवते, कॉक बंद करते, तवा पुढे बांधते. मी दिवे बघते, साखळ्यांची फुली बघते, दांडीखाली दोन्ही हात घालून जराशी उचलून बघते. जड लागली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग वळणाकडे डोळे लावून उभी राहते.

"बस की गो जरा," आत्या म्हणते. "येल तो."

तिने स्टूल बाहेर ठेवलेलं असतं. मी ते उचलून आत, पुढच्या बाजूला नेऊन ठेवते.